रविवारी कुठे होतात, असं विचारू नका

पत्र असं आहे:

"ताई, जय ख्रिस्त. मी वडगाव शेरीला राहते, वय ६४. आमचा एकुलता एक मुलगा आणि सून चार वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टजवळ असतात. दोघंही नोकरी करतात. मुलगा आमच्या मंडळीतच वाढला. संडे स्कूल, नाताळची नाटकं, तरुण संघाचा सेक्रेटरी, सगळं केलं. सून नगरकडची, पाळकाची मुलगी. मागच्या महिन्यात मुलाने फोनवर सांगितलं, की तिकडच्या कचेरीत जाऊन त्याने चर्चमधून आपलं नाव काढून घेतलं, कारण पगारातून चर्चचा टॅक्स कापत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दर रविवारी ग्रुपवर फोटो येतात, आज हा किल्ला, उद्या ते तळं. उपासनेला गेलात का विचारलं, की सून म्हणते, 'आई, आज गाडी सकाळची होती.' आता नाताळलाही येत नाहीत, तिकडेच कुठली कुठली गावं बघणार. मे महिन्यात येतो म्हणाले. मंडळीत लोक विचारतात, त्यांना काय सांगू? त्याचे पप्पा म्हणतात, सोडून दे. मला तर हे फिरण्याचं वेड सुनेचंच वाटतं. आमचा विश्वास आमच्याबरोबरच संपणार का? — एक आई"

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. तुमची झोप ज्या गोष्टीने उडाली, तिच्यापासूनच सुरुवात करते.

जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं, की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे धर्माची नोंदही विचारतात. आपल्याकडचा माणूस सरळ मनाने 'प्रॉटेस्टंट' किंवा 'कॅथलिक' लिहून मोकळा होतो. तुमच्या मुलानेही तेच केलं असणार. मग पहिली पगाराची चिठ्ठी हातात पडते आणि तिच्यात चर्चच्या कराची एक ओळ असते. हा कर पगारावर नसतो, आयकरावर असतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या दोन राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९. स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये येतं, म्हणजे ८. समजा महिन्याला ८०० युरो आयकर जात असेल, तर वर ६४ युरो चर्चचे. सरकार ते गोळा करतं आणि चर्चला देतं. १९१९ च्या त्यांच्या घटनेतलं हे कलम १९४९ च्या घटनेनेही तसंच ठेवलं. त्यातून पाळकांचे पगार होतात, जुन्या चर्चची डागडुजी होते, बालवाड्या चालतात. आणि हा कर थांबवायचा तर एकच वाट असते. कचेरीत जाऊन 'मी या चर्चमधून बाहेर पडतो' असं लिहून द्यायचं. तुमच्या मुलाच्या राज्यात हे काम जन्म-लग्नाची नोंद होते त्याच कचेरीत होतं. तिथून मिळालेला दाखला जपून ठेव असं त्याला सांगा. करखातं तो पुढे कित्येक वर्षांनीही मागू शकतं.

याने काय गेलं? तिथल्या चर्चमध्ये त्याला कुणाच्या बाळाचा धर्मपिता होता येणार नाही, चर्चच्या निवडणुकीत मत देता येणार नाही, लग्न-अंत्यविधीसाठी हक्काने पाळक मागता येणार नाही. पण बाप्तिस्मा जात नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो आणि नाव काढल्याने पुसला जात नाही, असं तिथलं प्रॉटेस्टंट चर्च स्वतःच मानतं. पुन्हा सभासद व्हायचं म्हटलं तर तोही रस्ता उघडा आहे. आणि तुमच्या मंडळीच्या रजिस्टरात त्याचं नाव आहे तिथेच आहे, ताई. स्टुटगार्टच्या कारकुनाला वडगाव शेरीच्या वहीत रेघ मारता येत नाही. (आपल्या कॅथलिक वाचकांसाठी एवढं सांगते, की त्यांची गोष्ट वेगळी आहे. असं नाव काढणाऱ्याला संस्कार मिळणार नाहीत, असा आदेश तिथल्या बिशपांनी २०१२ मध्ये काढला. सही करण्याआधी आपल्या फादरांशी बोला.)

आता माझं मत. हे काहीच झालं नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. आपल्याकडे वर्गणीचं पाकीट असतं, कापणीचा सण असतो. तुम्ही त्याच्या लहान हातात पपई नाहीतर नारळ देऊन त्याला पुढे पाठवलं असेल, लिलावात तीच पपई दुप्पट-तिप्पट पैशांनी परत घेतलीही असेल. देणं असं हातातून शिकलेल्या मुलाला पगारातून परस्पर कापलेले पैसे देणं वाटत नाहीत, हे मला समजतं. पण महिन्याचे साठ-पासष्ट युरो वाचले, त्यांचं काय होतं, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. एकदाच विचारा. "बाळा, ते पैसे तू आता कुठे देतोस?" एवढंच, आवाज न चढवता. तिकडे देणगीवर चालणाऱ्या मंडळ्या आहेत, इकडे पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन आहे, तुमच्या मंडळीत फी थकलेली मुलं असतील. तो म्हणाला, "अजून कुठेच नाही," तर ते ऐकून घ्या आणि त्याला विचार करू द्या.

आता ज्या कारणासाठी मी हे पत्र निवडलं, ते सांगते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात. 'मुलाने फोनवर सांगितलं.' ताई, तुम्हाला हे तिसऱ्याकडून कळलेलं नाही, कागद सापडून कळलेलं नाही. वडगाव शेरीत बसून तुम्हाला हे जन्मात कळलं नसतं. आई रडेल हे ठाऊक असून त्याने सांगितलं. मला हे जमलं नव्हतं, आणि त्याचं दुःख मी आजही बाळगून आहे.

आम्ही दोघं १९९४ ते २००३ मस्कतला होतो. ओमानमध्ये तेव्हा सुट्टी शुक्रवारची, रविवारी ऑफिस, म्हणून उपासनाही शुक्रवारीच. रुवी भागात सुलतानांनी दिलेल्या जागेवर चर्चचं आवार आहे. एकाच आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या आपापल्या वेळेला येतात. एक मंडळी बाहेर पडतेय, दुसरी चपला काढतेय, असं दिवसभर चाललेलं. मराठी उपासना काही आम्हाला सापडली नाही, आम्ही इंग्रजी उपासनेत बसायचो. पहिली दोन वर्षं एकही शुक्रवार चुकवला नाही. मग हळूहळू चुकायला लागले. आठवड्यातली ती एकच सुट्टी, आणि गाडी घेतल्यावर समोर सगळा देश पसरलेला: निझवाचा किल्ला, डोंगरातल्या वाड्या, समुद्र.

सासूबाई पुण्यात, कॅम्पात राहायच्या. फोन महाग होता, दोन-तीन मिनिटं मिळायची, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शुक्रवारी उपासनेला गेला होतात ना?" मी म्हणायचे, "हो आई." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा जीभ अडखळली. नंतर अडखळायचीही थांबली.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सलालाला गेलो. मस्कतहून हजारेक किलोमीटर, जवळजवळ सगळा रस्ता वाळवंटाचा, आणि शेवटी एकदम धुकं, हिरवे डोंगर, बारीक पाऊस. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस असतो. चार वर्षांनी ताम्हिणी घाट भेटल्यासारखं झालं, मी गाडीतून उतरून नुसती भिजत उभी राहिले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. डोंगराच्या पलीकडे, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे एका कोरड्या ओहोळात एका गुराख्याने आम्हाला एक झाड दाखवलं. खुरटं, वेडंवाकडं, सालीचे पापुद्रे सुटलेलं. त्याने सुरीने साल जराशी खरवडली, आणि पांढऱ्या दुधाचे थेंब वर आले. ते वाळले की त्याचाच ऊद होतो. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातला: सोने, ऊद व गंधरस. लहानपणापासून दर नाताळला ऐकलेला तो शब्द समोर उभा होता, त्याला वास होता, तो बोटाला चिकटत होता. आम्ही दोघं तिथेच, त्या उन्हात, स्वर्गातील पित्याची प्रार्थना मराठीतून म्हणालो. इतकी मनापासून प्रार्थना मी मस्कतच्या बाकावर फार वेळा केलेली नव्हती.

हे मी सासूबाईंना सांगू शकले नाही. नाताळच्या सकाळी घरात तो अध्याय मोठ्याने वाचायच्या त्या. हे ऐकायला सगळ्या जगात त्यांच्याइतकं योग्य माणूस नव्हतं. पण सांगायचं तर तो शुक्रवार होता हेही सांगावं लागलं असतं, आणि त्या शुक्रवारचं "हो आई" मी आधीच म्हणून बसले होते. मी मस्कतमधल्या मत्राच्या बाजारातून उदाची पुडी घेतली आणि सुट्टीवर आल्यावर त्यांना दिली, बाजारात मिळाली म्हणून. त्यांनी ती बायबलच्या शेजारी कपाटात ठेवली. २००१ मध्ये त्या गेल्या. आवराआवर करताना पुडी तशीच सापडली.

म्हणून सांगते, तो प्रश्न बंद करा. तुमची सून अजून खरं बोलतेय. "आज गाडी सकाळची होती" हे खरं उत्तर आहे. अजून वर्षभर दर रविवारी विचारत राहिलात, तर एक दिवस तीही "हो आई" म्हणेल. मग फोटो येणं बंद होईल आणि तुम्हाला वाटेल सगळं सुरळीत झालं.

सुनेबद्दल थोडं बोलू द्या. पाळकाची मुलगी आहे म्हणता. पाळकाच्या घरात रविवार म्हणजे काय असतो, आठवून बघा. पहाटे उठून पाहुण्यांचा स्वयंपाक, आईबरोबर महिला संघ, पहिल्या बाकावर सगळ्यांच्या नजरेसमोर बसणं, दुपारी कुणाकडे आजारपण, संध्याकाळी गीतांचा सराव. बहुतेक तिने जन्मात मोकळा रविवार पाहिला नसेल. आणि फिरण्याचं वेड दोघांपैकी कुणाचं, हे इथून ठरवायला जाऊ नका. मुलगा वीस-बावीस वर्षं तुमच्या हाताखाली होता. त्याचं काही खटकलं तर त्यालाच विचारा. त्याचं ओझं तिच्या खांद्यावर टाकलंत, तर दोघंही गप्प होतील.

तिकडच्या आठवड्याचं गणितही समजून घ्या. पाच दिवस नोकरी. शनिवारी बाजार, कपडे, साफसफाई. त्या भागात तर इमारतीचा जिना झाडायची पाळी घराघरांत वाटून दिलेली असते, 'केअरवोखे' म्हणतात त्याला, आणि ती चुकवली तर शेजारी दारावर येऊन आठवण करतात. रविवारी दुकानं कायद्याने बंद. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, मोठा आवाज करायचा नाही. कामवाली नाही, पाणी प्यायला थांबणारी शेजारीण नाही, 'जरा येऊन जा' म्हणणारी मावशी नाही. नवरा-बायकोला एकमेकांबरोबर पूर्ण असा तो एकच दिवस मिळतो. २०२३ पासून तिकडे महिन्याचं एक तिकीट निघालंय. सुरुवातीला ४९ युरोला होतं, आता महागलंय. पण त्यावर देशभरातल्या साध्या गाड्या, ट्रॅम, बस सगळं चालतं. घरात बसून चार भिंती बघण्यापेक्षा ती दोघं डबा बांधून गाडीत बसतात. मला यात काळजी करण्यासारखं दिसत नाही. परदेशात जोडपी एकमेकांशी न बोलता वर्षं काढताना मी पाहिली आहेत.

आणि ते फोटो नीट बघा. 'हा किल्ला, ते तळं' म्हणून तुम्ही सोडून दिलेत, पण स्टुटगार्टहून तासाभराच्या अंतरावर उल्म आहे, तिथल्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच आहे. दुसरीकडे माउलब्रॉनचा मध्ययुगीन मठ आहे. यातलं एखादं चित्र तुमच्या ग्रुपवर नक्की येऊन गेलं असेल. पुढच्या रविवारी विचारा, "आज काय पाहिलंत? आत गेला होतात? आत कसं वाटलं?" उत्तर मोठं येईल, बघा.

मंडळीची उणीव मात्र खरी आहे, ती मी लपवत नाही. जर्मन उपासनेत भाषा परकी, ओळखी नाहीत. पण तुमची मंडळी उत्तर भारत चर्चची असेल, तर आपण जगभरच्या अँग्लिकन परिवारात मोडतो. स्टुटगार्टमध्ये इंग्रजीतून अँग्लिकन उपासना होते आणि ती मंडळी सभासदांच्या देणगीवर चालते. हे मुलाला सांगा. 'जा' म्हणू नका, नुसतं 'तिथे अशी एक जागा आहे म्हणे' एवढंच. महिन्यातून एक रविवार गेली तरी चार माणसं ओळखीची होतील, आणि आजारपणात डबा घेऊन येणारी माणसं अशाच ठिकाणी भेटतात.

पंडिता रमाबाईंची आठवण या निमित्ताने होते. १८८३ मध्ये त्या पुण्याहून इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजच्या सिस्टर्सच्या मठात राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच संघाच्या सिस्टर्स आपल्या पुण्यातही काम करत होत्या. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून चर्चने सांगितलेलं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं नाही. शाकाहार सोडला नाही, शिकवणुकीवर सिस्टर्सशी पत्रांतून जोरदार वाद घातले, त्या सिस्टर्सना रमाबाईंच्या विश्वासाची तुमच्यासारखीच काळजी वाटायची. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला हजारो बायका-मुलींना आसरा दिला आणि सगळं बायबल मराठीत आणलं. तुमचा मुलगा रमाबाई होईल असं मी म्हणत नाही. पण 'विश्वास संपणार का' या प्रश्नाचं उत्तर सभासदत्वाच्या कागदावर शोधू नका.

आता नाताळ. मुलगा नाताळला घरी नाही हे दुःख आहे, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. करंज्या कुणासाठी करायच्या, चांदणी लावायला स्टुलावर कोण चढणार, मध्यरात्रीच्या उपासनेला रिक्षातून दोघंच कसं जायचं. यावर रडू आलं तर रडा. आणि त्याला सांगाही, "तू नाहीस म्हणून मला वाईट वाटतंय." हे एक वाक्य. त्यात चर्च आणू नका, टॅक्स आणू नका, सून आणू नका. मंडळीत कुणी विचारलं तर सांगा, "मेमध्ये येणार आहेत." ते खरं आहे आणि पुरेसं आहे.

कुठली गावं बघणार ते तुम्ही लिहिलं नाहीत. अजून ठरलं नसेल तर आईकडून एक गाव सुचवा: हेर्नहुट, पार पूर्वेला, पोलंड आणि चेकच्या सीमेजवळ. १७२२ मध्ये घरदार सोडून आलेल्या मोरावियन विश्वासणाऱ्यांनी वसवलेलं छोटं गाव. कागदाची, अनेक टोकांची चांदणी तिथे बनते आणि जगभर जाते. तिची सुरुवात त्यांच्या एका शाळेत मुलांना भूमिती शिकवताना झाली. वडगाव शेरीत गल्लोगल्ली नाताळची चांदणी लागते, त्या गल्लीतल्या मुलाला ते गाव बघून काय वाटेल!

त्याच हेर्नहुटहून आणखी एक गोष्ट मागवा. १७३१ पासून ते दर वर्षी एक छोटं पुस्तक छापतात, त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी बायबलमधलं एक वचन असतं, चिठ्ठी टाकून निवडलेलं. जर्मनीत ते पुस्तकांच्या दुकानांत मिळतं. मुलाने किंवा सुनेने सकाळी फक्त अध्याय आणि ओवी पाठवायची, 'स्तोत्र १२१, ओवी ३' असं, आणि तुम्ही ते आपल्या मराठी बायबलमधून मोठ्याने वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. तिकडे त्यांना मराठी शास्त्र ऐकायला मिळत नाही, आणि तुमच्या आवाजात तर नाहीच. दोन-तीन दिवस त्यांच्याकडून आलं नाही तर विचारू नका. आलं की वाचा.

खाऊ कुणाबरोबर पाठवणार असाल तर चकली, शेव, तेलातले शंकरपाळे पाठवा. दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे खवा, तूप, पेढे विमानतळावर काढून टाकतील. तुमच्या कॅम्पातल्या आवडत्या बेकरीची बिस्किटं चालतील.

आणि तुम्ही दोघं का जात नाही? पुढच्या वर्षी नाताळच्या चार रविवार आधी, आगमनकाळात जा. व्हिसा सहा महिने आधीपासून मागता येतो, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. गुडघे दुखत असतील तर विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, त्यात लाज नाही. रविवारी त्यांच्याबरोबर त्या सकाळच्या गाडीत बसा.

या २४ तारखेचं मात्र आधी ठरवून टाका. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. तिकडे मोठी उपासना २४ च्या संध्याकाळी होते. सहाची असेल तर आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतील. ती संपवून ते बाहेर येतील तेव्हा तुम्ही साडी नेसून निघायच्या तयारीत असाल. तेवढ्यात फोन करायला सांगा. सुनेला विचारून ठेवा, तिच्या वडिलांच्या चर्चमध्ये त्या रात्री पहिलं गीत कोणतं लागायचं. तुम्हाला येत असेल तर फोनवर दोघी मिळून म्हणा. येत नसेल तर तिच्याकडून शिकून घ्या, अजून दिवस आहेत.